बत्तीला भोक पाडू नका

लग्नसराई तोंडावर आली की माझ्या दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. गोणपाटात गुंडाळलेली पितळी गॅसबत्ती टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, "भाऊ, टाकीला खालून भोक पाडा, वायर वर काढा आणि मेंटलच्या जागी होल्डर बसवून पिवळा एलईडी लावून द्या." कुणाचं लॉन असतं, कुणाचं रस्त्याकडेचं हॉटेल, कुणी नाशकात बंगला बांधलेला असतो. सगळ्यांना 'जुना लूक' हवा असतो आणि त्यासाठी मागाल तेवढे पैसे द्यायची तयारी असते. मी भोक पाडत नाही. बत्ती चालू करून देतो म्हणतो. त्यावर बरीच मंडळी तशीच माघारी फिरतात. पुढच्या गल्लीत ड्रिल मशीन आहेच.

मला आडमुठा म्हणणारे घरातच आहेत, त्यामुळे बाहेरच्यांचं वाईट वाटत नाही. पण कारण सांगायला हवं. गॅसबत्ती दाबावर चालते. पंपाने भरलेली हवा टाकीत कोंडून राहिली तरच ती बत्ती. टाकीला एकदा भोक पडलं की पुढे कुणी कितीही चांगला डाग दिला तरी तिच्यात दाब भरून ती चार माणसांत लावायची माझी छाती होणार नाही. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बत्ती ठेवायची तर चालू ठेवा. ठेवायची नसेल तर खुशाल मोडीत घाला, त्या पितळेचं दुसरं काहीतरी होईल. भोक पाडलेली बत्ती मात्र ना धड दिवा, ना धड मोड.

आमचे नाना कळवणला बत्त्या भाड्याने द्यायचे. मी आता गॅसच्या शेगड्या, कुकर, मिक्सर दुरुस्त करतो, पण हाताला वळण लागलं ते नानांच्या बत्त्यांवर. आमच्या तालुक्याचा पश्चिमेचा भाग डोंगराळ, पाड्यापाड्यांचा. वीज तिकडे उशिरा पोचली आणि पोचल्यावरही रात्री राहीलच याची खात्री नसे. रात्री माणसं जमायची असतील तर नानांकडे यावं लागे. वराती, हरिनाम सप्ताह, तमाशाचा फड, कनाशीकडच्या पाड्यांवर सोंगांचा बोहाडा. चैत्रात सप्तशृंगगडाची यात्रा भरली, खानदेशातून पायी येणाऱ्यांची रीघ लागली की नांदुरीच्या पायथ्याशी दुकानं मांडणारे आठवडाभराच्या बोलीवर बत्त्या नेत. पहिल्या पावसात खेकड्यांना जाणारी पोरंही मागायला यायची. त्यांना मात्र नाना कितीही अनामत दिली तरी बत्ती देत नसत. तापलेल्या काचेवर नदीच्या पाण्याचा एक शिंतोडा पडला की काच तडकलीच.

त्या दिवसांचे कढ काढण्यात मात्र मला रस नाही. वरातीतली बत्ती कुणाच्या तरी डोक्यावर असायची. चुंबळीवर फळी, फळीवर बत्ती, कानाशी अखंड फुसफुस, कपाळाला धग, आणि टाकीच्या टोपीचं रबर ढिलं असेल तर मानेवर रॉकेलचा ओघळ. बत्ती धरणारे जवळच्या पाड्यांवरचे असत, बायकाही असत, आणि त्यांचं पान शेवटच्या पंगतीला. लॉनवाल्यांच्या 'जुन्या लूक'मध्ये हा माणूस कुठेच दिसत नाही. उजेडापुरतं बोलायचं तर आजचा साधा एलईडी या बत्तीपेक्षा हजार गुणांनी सरस आहे, त्यात वाद नको. घरात उजेडासाठी बत्ती लावा असं मी कुणालाच सांगणार नाही.

मग चालू ठेवायची कशासाठी? ते कळायला आधी ती जळते कशी ते बघायला हवं.

बत्तीत उजेड देतं ते मेंटल. ज्योत फक्त त्याला तापवते. ऑस्ट्रियातल्या कार्ल आउअर फोन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मेंटलचं पेटंट घेतलं. पहिली मेंटलं हिरवट उजेड देत आणि लगेच मोडत. १८९१ मध्ये त्याला खरी मात्रा सापडली: ९९ भाग थोरियम ऑक्साइड, एक भाग सेरियम ऑक्साइड. कापडाची जाळी या क्षारांत बुडवायची. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जातं आणि उरतो तो राखेचा सांगाडा. हा सांगाडाच रात्रभर झगझगतो. थोरियमसाठी लागणारी मोनाझाइटची वाळू जर्मन लोक आधी ब्राझीलमधून आणत. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरच्या काथ्याला चिकटून आलेल्या वाळूत तेच मोनाझाइट सापडलं आणि आपल्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर खाणी सुरू झाल्या. स्वातंत्र्यानंतर १९५५ पासून मुंबईत ट्रॉम्बेच्या सरकारी कारखान्यात थोरियम नायट्रेट तयार होऊ लागलं, ते मेंटलवाल्यांना जाई. पेट्रोमॅक्स ही बत्ती बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कंपनीची, १९१०च्या सुमाराची. कंपनीचा मालक माक्स ग्रेट्झ, त्याचंच नाव बत्तीला चिकटलं. पुढे आपल्याकडच्या कारखान्यांनी तिच्या हुबेहूब बत्त्या काढल्या आणि लोकांनी सगळ्यांनाच पेट्रोमॅक्स म्हणून टाकलं. थोरियम किंचित किरणोत्सारी आहे हे नानांना माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असू द्या. फुटक्या मेंटलची राख फुंकर मारून उडवू नका. ओल्या फडक्याने टिपा आणि हात धुवा.

आता दुरुस्ती. माळ्यावरून काढलेल्या बहुतेक बत्त्या बिघडलेल्या नसतात, वाळलेल्या असतात. टाकीत वर्षानुवर्षं राहिलेलं रॉकेल तळाशी चिकट थर धरतं. थोडं ताजं रॉकेल घालून टाकी हलवा, ओतून द्या, स्वच्छ निघेपर्यंत हेच करा. भरताना कापडातून गाळून भरा. तेलात पाणी असेल तर बत्ती धापा टाकते आणि मग लोक उगाच निपलला, म्हणजे वाफ सोडणाऱ्या टोकाला, दोष देतात.

मग पंप. दांडा दाबताना हाताला काहीच विरोध लागत नसेल तर चामड्याचा वायसर आकसलाय. नवा आणायला धावू नका. दांडा काढा, वायसर रात्रभर मशीनच्या तेलात भिजत ठेवा, सकाळी त्याच्या कडा बोटाने बाहेर पसरवा आणि परत बसवा. गोडेतेल वापरू नका, ते पुढे चिकटतं. पंप भरतो, पण हात काढला की दांडा आपोआप वर येतो, असं असेल तर मात्र वायसर निर्दोष आहे. पंपाच्या बुडाशी एकतर्फी झडप असते, तिचं रबर गेलेलं असतं आणि टाकीतली हवा उलटी येत असते. हे दोन दोष वेगळे आहेत. वायसर बदलून बदलून वैतागलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. झडप उघडून बघायचं कुणाच्या मनातच आलेलं नसतं.

मध्यंतरी दळवटकडचे एक म्हातारे बाबा बत्ती घेऊन आले. आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, एकाने नवा पंप घालायला सांगितला होता. बाबा म्हणाले, "हाई बत्ती हवा धरस नही." मी पंप मारला. दाब चढला, दाबाचा काटा हलला आणि बघता बघता खाली आला. दांडा जागचा हलला नाही, म्हणजे झडप ठीक. कपात साबणाचा फेस केला आणि दाढीच्या ब्रशने सगळ्या जोडांवर लावला. पंपाच्या तोंडाशी काही नाही, काट्याच्या बुडाशी काही नाही. टोपीभोवती मात्र मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक यायला लागले. टोपी काढली तर आतली रबराची चकती लाकडासारखी कडक. तेलाला टिकेल असं नवं रबर कापून घातलं. बाकी काही म्हणजे काही केलं नाही. बाबांनी पैसे किती विचारले तेव्हा मलाच लाज वाटली.

हवा धरली की पेटवणं. इथे नव्वद टक्के लोक घाई करतात. रॉकेल द्रवरूपात जाळायचं नसतं, त्याची वाफ व्हायला हवी आणि त्यासाठी वर जाणारी पितळी नळी आधी तापायला हवी. त्यासाठी वाटीत स्पिरिट घालून पेटवतात. ते पुरतं जळत आलं की मगच तेल सोडणारं चाक फिरवायचं. अर्धवट गरम नळीत तेल सोडलं तर पिवळा भडका उठतो, काच काळी होते आणि बघणारे मागे सरकतात. असं झालं तर गोंधळू नका. टोपीचा स्क्रू ढिला करून हवा सोडा, भडका शांत होऊ द्या, बत्ती निवू द्या, पुन्हा स्पिरिटपासून सुरू करा. ज्यांच्या बत्तीला शिट्टीसारखा भडकावा आहे त्यांचं काम लवकर होतं, पण तोही घाईने बंद करू नये.

मेंटल बांधताना चुण्या चारी बाजूंनी सारख्या पाडायच्या. एका बाजूला गोळा झालेलं मेंटल फुगतं वाकडं आणि वाकडं मेंटल काचेकडे झुकतं. एकदा जळून राख झालं की त्याला हात लावायचा नाही. पावसाळ्यात एखादा किडा जरी आपटला तरी भोक पडतं. भोक छोटं आहे, चालेल अजून, असं म्हणणारे काच घालवून बसतात. त्या भोकातून ज्योतीची धार सुटते, थेट काचेच्या एकाच जागी लागते आणि काच तडकते. मेंटल वाचवायला काच घालवू नये.

आणि आता खरी कलाकुसर. बत्ती पेटली, पण मेंटल एका बाजूने काळं पडतंय. याचा अर्थ तेल जास्त, हवा कमी. निपलच्या टोकातून वाफेची बारीक धार वर उडते आणि समोरच्या नळीच्या तोंडात शिरताना आजूबाजूची हवा सोबत ओढून नेते. निपल आणि त्या तोंडामधलं अंतर कमी झालं तर हवा कमी ओढली जाते, मेंटलवर काजळी धरते. अंतर फार वाढलं तर ज्योत फडफडते आणि उजेड मरतो. ती नळी स्क्रू ढिला करून केसभर वरखाली करता येते. केसभरच. बघायचं, ऐकायचं, पुन्हा सरकवायचं. अर्थात हे हलवणं बत्ती विझवून, निवल्यावर. बरोबर जमलं की काजळीचा डाग आपोआप जळून जातो, फुसफुस एकसुरी होते आणि मेंटल पांढरं शुभ्र पेटतं. आवाज तुटक येत असेल, उजेड खालीवर होत असेल, तर आधी दाब बघा, मग तेलातलं पाणी, मग नळीत साचलेला कोळसा. निपलला सर्वांत शेवटी हात घाला. निपलच्या भोकात शिवणाची सुई घालणारे महाभाग आहेत. त्यांनी भोक मोठं केलेलं असतं. मग धार वाकडी उडते आणि त्या निपलला फेकून देण्यावाचून इलाज नसतो. पिन असते कशासाठी? चाक एकदा फिरवलं की ती भोकातून वर डोकावते आणि काजळी ढकलून देते.

हवा आणि तेलाचं प्रमाण जमवण्यासाठी एवढा आटापिटा का, याचं शास्त्रीय उत्तर आपल्याच राज्यात, फलटणला शोधलं गेलं. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९८०च्या दशकात गॅसबत्तीवर काम केलं. मेंटलचं तापमान थोडं वाढलं तरी उजेड त्याच्या कितीतरी पट वाढतो, हा त्यांच्या कामाचा गाभा. त्यातून त्यांनी 'नूरी' नावाची सुधारित बत्ती केली. ती रॉकेलवर चाले, डिझेलवर चाले, अल्कोहोलवरही चाले, आणि उजेड शंभर वॅटच्या बल्बच्या तोडीचा. पुढे 'लॅनस्टोव्ह' हा दिवा आणि चूल एकत्र असलेला प्रकार तिथेच झाला. एलईडी आणि सौरकंदिलापुढे अशा बत्त्यांचा निभाव लागणं अवघडच होतं. पण खेड्यातल्या बत्तीकडे कुणीतरी इतक्या बारकाईने पाहिलं, याचं मला फार अप्रूप आहे.

"चालू करून काय करू, रॉकेल कुठे मिळतंय?" हा नेहमीचा सवाल. रेशनचं निळं रॉकेल संपत गेलं ही खरी गोष्ट. २०१६ पासून त्याचा भाव पंचवीस-पंचवीस पैशांनी वाढवत नेला, काही वर्षांत केंद्राचं अनुदान शून्यावर आलं, तिकडे उज्ज्वला योजनेतून घरोघर सिलिंडर पोचले. माझ्या मते घरातून रॉकेल गेलं ते बरंच झालं. चिमण्यांच्या धुराने पोरांची छाती भरायची. आणि 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही बातमी एके काळी वर्तमानपत्रात किती नेमाने यायची ते वयस्क वाचकांना आठवत असेल. जन्मभर स्टोव्ह दुरुस्त केलेले नाना ती बातमी वाचली की पेपर बाजूला ठेवून म्हणायचे, "स्टोव्हला सासू आणि सून वेगळी ओळखू येत नाही."

तर बत्तीपुरतं बोलू. पांढरं रॉकेल खुल्या विक्रीत मिळतं. महाग आहे, पण एक लिटरमध्ये बत्ती साधारण आठ तास जळते. वर्षातून दोनदा लावली तर खर्च असा किती? एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. रॉकेल मिळालं नाही म्हणून पेट्रोल किंवा थिनर घालू नका. ते बत्ती पेटवणं नाही, बॉम्ब पेटवणं आहे. जळत्या बत्तीची टोपी काढून वरून तेल ओतणंही तसंच.

चालू ठेवायची कशासाठी, हा प्रश्न मघाशी सोडला होता. माझ्याकडे आयटीआय झालेली पोरं शिकायला येतात. हुशार असतात. शेगडीची ज्योत पिवळी येते, भांडी काळी होतात, ही तक्रार आली की त्यांचा पहिला शब्द असतो, "काका, बर्नर बदलून टाकू." हवा कमी पडतेय हे त्यांच्या डोक्यात येत नाही, कारण हवा आणि इंधनाचं मिश्रण हाताने जमवताना त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. पूर्वी मोटारसायकलचा कार्बोरेटर तरी होता, स्क्रू फिरवून कानाने सेटिंग करायचं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांतून तोही गेला. त्यात चूक काही नाही, हवा स्वच्छ राहते. पण शिकायची जागा गेली ती गेलीच. मी अशा पोरासमोर बत्ती ठेवतो. दाब, झडप, वाफ, मिश्रण, सगळं उघड्यावर आहे, डोळ्यांना दिसतं, कानाला ऐकू येतं. आणि टाकीपासून मेंटलपर्यंत क्रमाने गेल्याशिवाय दोष सापडत नाही. एकदा बत्ती लागली की तो पोरगा शेगडीलाही आधी बघतो आणि मग पाना उचलतो.

म्हणून मला वाटतं, प्रत्येक आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये आणि जमेल त्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत एक चालू गॅसबत्ती असावी, आणि ती पेटवताना शिक्षक व वाळूची बादली शेजारी असावी. सरकारने यासाठी योजना काढायची गरज नाही. बत्त्या गावागावांत पडून आहेत, त्या नुसत्या ड्रिलपासून वाचवायला हव्यात.

तुमच्या माळ्यावर एखादी असेल तर खाली काढा. टोपीचं रबर बघा, वायसर तेलात घाला, रात्रभर थांबा आणि सकाळी पंप मारून काट्याकडे पाहा. काटा चढून तिथेच थांबला तर बत्ती जिवंत आहे. घरात जागा नसेल तर जवळच्या शाळेला द्या, नाहीतर माझ्याकडे आणून द्या. लॉनवाल्याला देऊ नका.